नकलेत नसलेली ओळ

काकीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या श्रावणात झालं आणि ती पंधरा दिवस माझ्याकडे पणजीला राहायला आली. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीपाशी उभं राहायचं नाही. सत्याहत्तर वर्षांत असा सक्तीचा आराम तिला कधी मिळाला नव्हता. हातांचं काय करावं ते तिला कळेना. दुपारी डोळ्यात थेंब घातले की काळा चष्मा लावून ती बाल्कनीत बसायची आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये काय चाललंय ते मला आत ऐकू येईल अशा आवाजात सांगायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं आज निळी चादर वाळत घातली. खालच्या दुकानातला पोरगा पाठ वळवून फोनवर हळूहळू बोलतोय, म्हणजे मुलगीच असणार. एका संध्याकाळी पाऊस असा धरून आला की बाल्कनीत बसणं शक्य नव्हतं. तिला विचारलं, जुना सिनेमा लावू? तिनं मान हलवली. मी 'साहिब बीबी और ग़ुलाम' लावला. तिला मीनाकुमारी आवडते एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ती अगदी रमून बघत होती. हवेलीत राहणारा भूतनाथ खाली मान घालून छोट्या बहूच्या, म्हणजे मीनाकुमारीच्या, खोलीत जातो आणि आधी त्याला तिची फक्त पावलं दिसतात, तिथं ती पुढं सरकून बसली. नवऱ्याला वश करणाऱ्या मोहिनी सिंदुराची गोष्ट निघाली तेव्हा 'अशें कुंकूम मेळटा?' म्हणून हसलीसुद्धा. मग 'न जाओ सैंया' सुरू झालं. पलंगावर रेललेला नवरा, त्याच्याभोवती ती दारूच्या अंमलात हसतेय, विनवतेय, त्याला जाऊ देत नाहीय. मी पडद्याकडे बघत होते. काकीकडे माझं लक्षच नव्हतं. गाणं अर्ध्यावर असताना ती म्हणाली, 'पुरो, बाय. बंद कर तें.' आवाज चढलेला नव्हता, पण मी लगेच बंद केलं. मला वाटलं, डोळा दुखला असेल. थेंब घातले, तिला झोपवलं, दिवा मालवला, आणि मीही त्याच खोलीत खाली गादी घालून आडवी झाले. बऱ्याच वेळानं, ती झोपली असं मी धरून चालले होते तेव्हा, अंधारातून तिचा आवाज आला.

'तिणें मागलें तरी.'

तिनं निदान मागितलं तरी. एवढंच. पुढं काही नाही, उसासा नाही. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला. मी मात्र जागी राहिले.

हा सिनेमा मी किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. कॉलेजात असताना, लग्नानंतर, आणि एकदा इफ्फी, म्हणजे गोव्यातला चित्रपट महोत्सव, संपल्यावर मैत्रिणींबरोबर घरी रात्र जागवून. दर वेळी त्या गाण्याशी मी एकच गोष्ट बघितली, तिचा अपमान. एवढी मानी बाई, हवेलीची सून, आणि एका ऐदी, बाहेरख्याली माणसापुढं असं लोळण घेते. कोठीवरच्या बायकांसारखी पिऊन गात बसशील तर घरी थांबतो असं तो सांगतो आणि ती खरंच पिते. व्ही. के. मूर्तींचा कॅमेरा तिच्या चेहऱ्याला इतका चिकटून असतो की घामानं कपाळाला लागलेली बट न बट दिसते. मला ते बघवत नसे, आणि आपल्याला ते बघवत नाही याचा मला थोडा अभिमानही होता. आम्ही शिकलेल्या, आम्ही असं कुणापुढं मागणार नाही. काकीच्या तीन शब्दांनी तो अभिमान उलटा फिरवून माझ्या हातात दिला. ती बाई मागते आहे, हे मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. दागिने तिच्याकडे आहेत, दासी आहेत, हवेली आहे. ती मागते तो नवरा, रात्रीचा, स्वतःसाठी. लग्नाच्या बायकोनं हिंदी पडद्यावर हे इतक्या उघडपणे त्याआधी कधी मागितलं होतं, मला आठवत नाही.

१९६२ सालचा तो सिनेमा. गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्याच वर्षीचा. त्या गाण्याला आवाज गीता दत्तचा आणि निर्माता तिचा नवरा, गुरुदत्त. त्यांच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते इतक्यांनी इतक्या वेळा लिहिलंय की मी वेगळं सांगायला नको. पण स्टुडिओत मायक्रोफोनसमोर उभं राहून 'जाऊ नकोस' हे शब्द उच्चारताना त्या बाईच्या पोटात काय झालं असेल, असं माझ्या मनात दर वेळी येतं. पडद्यावर मागणारी मीनाकुमारी आणि तिच्यासाठी गाणारी गीता दत्त, दोघी १९७२ साली काही महिन्यांच्या अंतरानं गेल्या. या सिनेमातली आणखी एक गोष्ट मला छळते. घोडागाडीत छोटी बहू भूतनाथाच्या मांडीवर डोकं टेकते, असं एक गाणं त्यात होतं. प्रेक्षकांना ते रुचलं नाही आणि ते काढून टाकण्यात आलं. त्याच चालीवर हेमंतकुमारनी पुढं १९६६ च्या 'अनुपमा'मध्ये दुसरं गाणं बांधलं. सुनेनं नवऱ्यासाठी दारू प्यायलेली लोकांना चालली. ती दमली आणि कुणाच्या तरी मांडीवर तिनं डोकं ठेवलं, ते चाललं नाही. मला वाटतं, काकीला हे सांगितलं असतं तर तिला अजिबात नवल वाटलं नसतं.

काकी १९६७ साली आमच्या घरात आली, एकोणीस वर्षांची. आमचं घर अंत्रुजात, म्हणजे फोंडा तालुक्यात, म्हार्दोळपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढं लांब ओसरी, मागं पोफळी आणि केळींचं कुळागर, आणि दोन्हींच्या मधे अंधाऱ्या खोल्यांची रांग. काका गावच्या मराठी प्राथमिक शाळेत मास्तर. घरात बोलणं कोकणीतून आणि लिहिणं-वाचणं, आरत्या, भजनं, नाटकं सगळं मराठीतून, असं ते घर. काकांनी काकीवर कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही, कुठलं व्यसन केलं नाही. दोन मुलगे झाले. गावात अजूनही त्यांचं नाव निघालं की लोक 'देव माणूस' म्हणतात आणि ते खोटं नाही. हे मी मुद्दाम आधी लिहितेय, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना छोट्या बहूच्या नवऱ्याच्या रांगेत बसवू नये.

काका नाटकात काम करायचे. जत्रेला देवळापुढं मांडव पडे आणि पहाटेपर्यंत संगीत नाटक चाले. नायक वर्षानुवर्षं काकाच. पायपेटीचे सूर आधी कुळागरापर्यंत ऐकू येत, मग नांदी, मग पडदा वर. भरजरी अंगरखा घालून, गालाला रंग लावून उभे राहिलेले काका मला ओळखू यायचे नाहीत. दिवसभर 'भात वाढ' आणि 'छत्री खंय आसा' यापलीकडं न बोलणारा तो माणूस तिथं गुडघा टेकून नायिकेला असं काही सांगे की बायकांच्या बाजूला कुजबूज थांबायची. सुरुवातीच्या वर्षांत नायिका म्हणजे गावातलाच एखादा गोरटेला स्त्रीपार्टी, नंतर नंतर बाहेरून बोलावलेली नटी. काकी मागच्या रांगेत, सासूच्या शेजारी, मांडीवर पेंगुळलेलं पोर घेऊन बसलेली असे. आणि मी तिच्या पदराखाली.

जत्रेच्या महिनाभर आधीपासून घरी तालीम चाले ती स्वयंपाकघरात. काका चुलीजवळच्या पाटावर बसत. काकी समोर तांदूळ निवडत असे आणि सुपाच्या कडेला नक्कल, म्हणजे नाटकाची हातानं उतरवलेली प्रत, टेकवलेली असे. निळ्या शाईत उतरवलेली, कडा हळदीनं पिवळ्या झालेली नक्कल. त्यांचं भाषण पाठ व्हावं म्हणून समोरच्या पात्राच्या ओळी ती वाचून दाखवी. म्हणजे नायिकेच्या. 'नाथ, आपण मजवर रागावलात का?' असं ती खडे वेचता वेचता, अगदी सपाट आवाजात, शाळेतल्या मुलीनं धडा वाचावा तसं वाचायची. काका डोळे मिटून, हात पसरून उत्तर द्यायचे आणि त्या उत्तरात सगळी आर्जवं असायची, सगळं चांदणं असायचं. मी आठ-नऊ वर्षांची, कोपऱ्यात पाटीवर गणितं सोडवत बसलेली. मला ते गमतीचं वाटे. त्या दोघांचं एकमेकांशी झालेलं एवढं लांब बोलणं मी दुसऱ्या कुठल्या वेळी ऐकलं नाही, हे माझ्या ध्यानात यायला मात्र कैक वर्षं जावी लागली.

एका संध्याकाळी काकी वाचता वाचता थांबली. मग तिनं एक वाक्य म्हटलं. काय म्हटलं ते मला आठवत नाही, कितीही ताण दिला तरी आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ते वाक्य तिनं सपाट आवाजात म्हटलं नाही आणि तिची मान नकलेवर झुकलेली नव्हती. काकांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे बघितलं, मग हात लांब करून सुपाकडची नक्कल ओढून घेतली, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, 'नकलेंत ना तें वाचूं नाका.' रागावून नाही, मास्तर वर्गात सांगतात तसं. पुस्तकात नाही ते लिहू नये. काकीनं नक्कल परत घेतली, मागची ओळ पुन्हा वाचली आणि तालीम पुढं सुरू झाली.

त्या वर्षी नायिका बाहेरची होती. तिच्या अंबाड्यासाठी जायांची फांती, म्हणजे जाईचा गजरा, काकीनं गुंफली. म्हार्दोळची जायो म्हणजे काय ते गोंयकाराला सांगायला नको. तिथल्या महालसा देवीला श्रावण-भाद्रपदात जायांची पूजा बांधतात ती हीच फुलं. कळ्या संध्याकाळी काढायच्या, केळीच्या सोपटाचा दोर पाण्यात भिजवून मऊ करायचा, दोन कळ्या इकडं दोन तिकडं असं धरून गाठ मारायची. कळी दाबली गेली तर ती उमलत नाही आणि सैल राहिली तर गळून पडते. काकीची बोटं हे न बघता करायची. रात्र चढली की कळ्या फुटायच्या आणि सगळी माजघराची बाजू वासानं जड व्हायची. पण ती स्वतः जायो माळत नसे. तिच्या केसात नेहमी अबोली. दिसायला देखणी, नाजूक, आणि वास मुळीच नसलेली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, जायो देवाला. आजीनं तिला लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात बजावलं होतं की घरातल्या सुनेनं रात्री वासाची फुलं माळून हिंडू नये. हे तिनं मला या वेळी, डोळ्याला पट्टी असताना सांगितलं. सांगताना आजीवर राग नव्हता. आजीला तिच्या सासूनं तेच सांगितलं असणार.

आमच्या गोव्यानं ही वाटणी फार आधीपासून करून ठेवली होती. फुलं आणि गाणं एका घरात, हळदकुंकू आणि कुळागर दुसऱ्या घरात. विरह, शृंगार, 'जाऊ नको' आणि 'कुठं निघालीस', हे सगळं सुरात म्हणायची मुभा कलावंत घराण्यातल्या बायकांना होती, आणि त्या मुभेची किंमत म्हणून लग्न त्यांच्या वाट्याला नव्हतं. गरतीला लग्न होतं, सूर नव्हता. केरीच्या केसरबाईंनी गायलेली भैरवी, 'जात कहां हो', १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. आमच्याच तालुक्यातल्या एका बाईचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर पोचला आणि तिथून काही कोसांवर एका स्वयंपाकघरात एक बाई चुलीपुढं नायिकेची ओळ सपाट आवाजात वाचत होती. छोटी बहू नेमकी ही भिंत ओलांडायला बघते. कोठीवर जे मिळतं ते घरात का नको, असा तिचा साधा प्रश्न आहे. सिनेमा तिला त्यासाठी जमिनीत पुरतो. शेवटी हवेली पाडताना सांगाडा सापडतो आणि हातातल्या कंगणावरून भूतनाथ तिला ओळखतो.

त्या पंधरवड्यात, काकी दुपारी झोपली की, मी 'चारुलता' पुन्हा लावला. सत्यजित रायचा हा सिनेमा १९६४ चा, गोष्ट रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड'ची, १९०१ सालची. सुरुवातीला जवळजवळ काही बोलणंच नाही. चारू रुमालावर नवऱ्याच्या नावाचं अक्षर भरतेय. टोला पडतो, ती नोकराला चहाचं सांगते. पुस्तकांच्या कपाटाशी जाते, एखादं काढते, ठेवते. मग रस्त्यावरून आवाज येतो आणि ती दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडं धावते. माकडवाला जातो, पालखी जाते, छत्रीवाला लठ्ठ माणूस जातो, आणि ती झडपांच्या फटीतून त्याचा पाठलाग करते. मला माझी बाल्कनी दिसत होती, निळी चादर, फोनवरचा पोरगा. नंतर भूपती बाहेर येतो, आपल्या वर्तमानपत्राच्या नादात पुस्तक चाळत तिच्या अगदी शेजारून निघून जातो. ती त्याला दिसतच नाही. मग चारू दुर्बीण डोळ्याला लावते आणि स्वतःच्या नवऱ्याला बघते. दोन पावलांवर असलेल्या माणसाला दुर्बिणीतून. तो वळतो, दिसेनासा होतो, तिचा हात खाली येतो.

भूपती वाईट नाही, ही त्या सिनेमातली सगळ्यात अवघड गोष्ट. तो दिलदार आहे, बायकोला एकटं वाटत असेल म्हणून तिच्या भावाला, वहिनीला घरी बोलावतो, आपल्या चुलतभावाला, अमलला, तिच्या लिखाणाकडे लक्ष द्यायला सांगतो. स्वतः लक्ष द्यावं, एवढं मात्र त्याला सुचत नाही. अमलच्या बाबतीत चारूला जे वाटतं ते ती शेवटपर्यंत एका शब्दानं बोलत नाही. झोक्यावर बसून गुणगुणते, त्याच दुर्बिणीतून समोरच्या खिडकीतली आई आणि मूल बघते, आणि मग दुर्बीण हळूच गवतावर लिहीत पडलेल्या अमलकडं वळते. तिचा चेहरा बदलतो. झालं एवढंच. मी हा सिनेमा चारूसाठी बघत आले होते. या वेळी माझं लक्ष भूपतीवरून हलेना. त्याच्या जागी मला काका दिसत होते. वर्तमानपत्राऐवजी नाटक, एवढाच फरक. प्रेमाची सगळी भाषा त्यांना येत होती. मराठी रंगभूमीनं ती त्यांना तोंडपाठ करून दिली होती, सुरासकट. पण ती भाषा कुणाला उद्देशून बोलायची ते नकलेत लिहिलेलं असायचं. आणि नकलेत काकीचं नाव नव्हतं. त्यांना कुणी दुसरी नक्कल लिहून दिलीच नाही, हेही तितकंच खरं. घरात त्यांच्या वडिलांना त्यांनी आईशी काय बोलताना ऐकलं असेल? 'भात वाढ', 'छत्री खंय आसा'.

आपल्या मराठीत या सगळ्याच्या कितीतरी आधी 'कुंकू' झाला, १९३७ साली. शांताराम बापूंचा, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा. त्यातली नीरा मागत नाही, ती नाकारते. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावलेलं तिला मान्य नाही आणि ती त्यांना जवळ येऊ देत नाही. शांता आपट्यांचं ते ताठ मानेनं 'नाही' म्हणणं बघताना अजून काटा येतो. पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक आणि घरातले खरेखुरे आवाज. काकासाहेबांच्या सुधारक मुलीचं काम शकुंतला परांजप्यांनी केलं होतं. र. धों. कर्व्यांबरोबर संततिनियमनाचं काम करणाऱ्या शकुंतलाबाई त्या याच. 'नको' म्हणायला जे धैर्य लागतं त्याचं आपल्याकडं नंतर निदान कौतुक तरी झालं. 'हवं' म्हणणाऱ्या बायकोसाठी आपल्याजवळ अजून नीट शब्दही नाही. जे आहेत ते सगळे शिवीच्या घरचे.

गोव्यात लग्न म्हणजे दोन सह्या. पहिली सही लग्नाचा इरादा नोंदवायची, मधे काही दिवस हरकतीसाठी, मग दुसरी. पोर्तुगीज कायद्यातून आलेली ही रीत आम्हाला इतकी अंगवळणी पडलीय की 'सही झाली?' असा प्रश्न आम्ही 'लग्न झालं?' या अर्थानं विचारतो. वेगळा करार केला नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. घटस्फोटाचा कायदासुद्धा पोर्तुगालनं १९१० सालीच केला आणि तो इथंही आला. गोव्याबाहेरच्या मैत्रिणींना हे सांगताना मला बरं वाटतं, आणि का वाटू नये. थोरल्या मुलाच्या इंजिनियरिंगच्या वेळी काकांनी कुळागराचा खालचा तुकडा विकला. नोटरीकडं जायच्या आदल्या रात्री ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, 'फाल्यां तुजी सय जाय.' उद्या तुझी सही हवी. काकीनं मला हे सांगितलं तेव्हा ती जरा थांबली. म्हणाली, बावन्न वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली तेवढी एकच गोष्ट मला आठवते. तिनं त्या रात्री पाटीवर आठ-दहा वेळा आपलं पूर्ण नाव गिरवून बघितलं होतं.

त्यांना तिची गरज पडली, याचा तिला आनंद झाला होता. अजूनही होत होता.

हे सगळं लिहिताना माझं मला विचारल्याशिवाय राहवत नाही. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आम्ही दोघं नोकरी करतो, दोघं स्वयंपाक करतो, एकमेकांना नावानं हाक मारतो. गॅस, कर्जाचा हप्ता, लेकाची परीक्षा, त्याच्या आईचं औषध, सगळ्यावर बोलतो. काकीच्या त्या तीन शब्दांनंतर, ती गावी परतल्यावर, एका रात्री मी नवऱ्याला म्हटलं, जरा जवळ ये, मला तू हवा आहेस. माझ्या तोंडून ते शब्द इतके परके निघाले की मीच दचकले. त्यानं फोनवरून मान वर केली. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. 'काय गं, बरं नाही का?' म्हणत त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मी हात तसाच धरून ठेवला. तोही मग काही बोलला नाही, फोन उलटा करून ठेवला. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहावंसं मला वाटत नाही. पण काकांनी नक्कल ओढून घेतली तेव्हा काकीला काय झालं असेल ते मला कपाळावर हात येईपर्यंतच्या त्या क्षणभरात कळलं. आपण काहीतरी वाटेल ते बोललो, असं वाटतं. जीभ चावून मागची ओळ पुन्हा वाचावी असं वाटतं.

गणपतीची चवथ झाली आणि काकी दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा आली. या खेपेला सरावलेली होती, काळा चष्मा घरूनच घेऊन आली. मी बाजारातून येताना फुलवालीकडं जायो दिसली, म्हार्दोळची, हंगाम सरत आलेली, कळ्या थोड्या बारीक. एक फांती घेतली. घरी आल्यावर तिच्या हातात दिली तेव्हा तिनं पहिल्यांदा गाठ बघितली. 'सैल घातलीय,' म्हणाली. काका जाऊन सहा वर्षं झाली, ती माळणार नव्हती, मला माहीत होतं. तिनं स्टीलच्या वाटीत थोडं पाणी घेतलं, फांती वेटोळं करून त्यात ठेवली आणि वाटी देवापुढं न नेता आपल्या उशीशी नेली. तेव्हा मी तिला विचारलं. स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ, सूप, नक्कल, तिनं म्हटलेलं ते वाक्य. काय होतं ते?

तिनं वाटीतली एक कळी बोटानं वळवून सरळ केली. 'कितें आशिल्लें कोण जाणा,' म्हणाली. काय होतं कोण जाणे. तिला आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

रात्री जेवणं झाली. बाहेर पाऊस नव्हता, नुसता दमटपणा होता आणि खोलीत कळ्या उमलायला लागल्या होत्या. ती आपणहून म्हणाली, 'तो सिनेमा अर्दो उरला न्ही?' मी लावला. थांबलो होतो त्याच्या थोडं मागून, कारण नेमकी जागा सापडेना. त्यामुळं गाणं पुन्हा पहिल्यापासून आलं. मी रिमोट हातातच ठेवला होता. मीनाकुमारी वळली, हसली, तिनं नवऱ्याचा हात धरला. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी भांडी घासत होतं, त्या आवाजात गीता दत्तचा आवाज बुडत होता. काकी चष्मा सारखा करून पुढं सरकून बसली.

'बाय,' ती म्हणाली, 'आवाज मातसो वाडय.'